तांब्याचा तळ

पप्पा, कॉलेजच्या शेवटच्या प्रदर्शनात चित्राशेजारी लावायला चार ओळी हव्या आहेत. मी कोणाकडून शिकले, ते लिहायचंय. उद्या द्यायच्यात. सकाळपासून तीनदा लिहून खोडल्या, म्हणून तुम्हाला लिहितेय.

रबाळ्याच्या कंपनीत तुम्ही ड्राफ्ट्समन होतात, मशीनच्या भागांची मापाची ड्रॉइंग काढायचात. रद्द झालेली ड्रॉइंग घरी आणायचात, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी चित्रं काढायचे. रविवारी जेवणाचं टेबल आपण सोडायचो नाही. आई म्हणायची, "बापलेकींनी आता पोळ्यापण पट्टीने मोजून खा." नववीत इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या सरावाला मी तांब्या काढतेय, तळ सरळ रेषेत. तुम्ही पेन्सिल घेऊन तिथे गोलाई देता. "टेबल सपाट असलं म्हणून तळ सपाट दिसत नाही, बाळा. नजरेच्या जितकं खाली, तितका गोल उघडा." माझ्या कागदावर तुमची रेघ. ती मला सहन झाली नाही.

परीक्षेत मी तळ मुद्दाम सरळ काढला. बी ग्रेड आली. तुम्ही विचारलंत, तर मी आईसमोर म्हटलं, "तुम्ही शिकवलंत तसंच काढलं होतं." तुम्ही म्हणालात, "मग माझंच चुकत असेल. मशीनचं वेगळं, चित्राचं वेगळं." त्यानंतर तुम्ही माझ्या कागदाला हात लावला नाही. मी बारावीत असताना तुम्ही गेलात.

खारघरला कॉलेजात पहिल्याच वर्षी सर म्हणाले, "सगळं बरोबर आहे गं, पण चित्र कुठंय?" मग दोन वर्षं मी हातातून तुमची मापं काढायचा प्रयत्न केला. डाव्या हाताने काढलं, कोळशाने काढलं, डोळे मिटूनही काढलं. रेघ हलेना. शेवटी यंदा वैतागून मोठ्या कॅनव्हासवर आपलं स्वयंपाकघरच कंपनीच्या ड्रॉइंगसारखं काढलं. पोळपाट, लाटणं, आईची कोपरं, सगळं मिलिमीटरमध्ये. सर समोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "हे तुझं." मी मान डोलावली, तुमचं नाव घेतलं नाही.

आत्ता चौथ्यांदा लिहिलं. "वडील ड्राफ्ट्समन होते. वस्तूकडे बघायला त्यांनी शिकवलं." हे खरं आहे, पण एवढ्यावर थांबले की मी फक्त चांगली मुलगी दिसते. बी ग्रेडच्या वेळचं ते खोटं वाक्य लिहायला हात जात नाही. प्रदर्शनाला आई येणार आहे, आणि तिला अजून वाटतं, चूक तुमची होती.