चौदा पंपांचा अनुभव

३ फेब्रुवारी
वहीची माफी मागतो. अख्खा जानेवारी कोरा गेला. जिवाला घोर लागला आहे. माझी नोकरीची मुदतवाढ अठ्ठावीस तारखेला संपते, आणि पंपांची माहितीपुस्तकं लिहायला कंपनीनं एक डिग्रीवाली घेतली आहे. असल्या लिहिण्याचीही डिग्री असते म्हणे. मी नववी नापास, पण कंपनीच्या चौदा पंपांची पुस्तकं माझ्या हातची. घाबरण्याचं कारण नाही.

५ फेब्रुवारी
साहेबांनी सांगितलं, नव्या पंपाचं पुस्तक दोघांनी वेगवेगळं लिहा. ते वाचून रिसेप्शनवाल्या बाई पंप चालू करतील. ज्याचं पुस्तक बरं, तो राहील. ठरवलं: रोज दोन पानं. आज पेन्सिलींना टोक केलं.

९ फेब्रुवारी
लिहिणं झालं नाही. चष्मा. शिवाय पाठ. त्यात डिग्रीवालीचे प्रश्न. काका, चालू करण्याआधी पंपात पाणी कशाला भरायचं? म्हटलं, कोरडा फिरला तर जळेल, बाळ. तिनं लिहून घेतलं. एवढंही माहीत नाही! कीव आली. घरी सांगितलं तर ही म्हणाली, मला तरी कुठे माहीत होतं. हिचं सोडा.

१६ फेब्रुवारी
एका बैठकीत पुस्तक संपवलं. चार पानं. तिचं बावीस पानांचं, वर चित्रं. अनुभव असला की पाल्हाळ लागत नाही.

२० फेब्रुवारी, दुपारी ३
चाचणी झाली. बाईंनी माझं पुस्तक शब्दन्‌शब्द पाळलं आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं जळका वास, मग धूर. मी म्हटलं, अहो, पाणी नाही का भरलंत? त्या म्हणाल्या, कुठे लिहिलंय? सगळी पानं चाळली. नव्हतं. हे काय लिहायचं असतं?
तिच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लाल चौकटीत होतं. दुसरा पंप मुकाट चालला.
साहेब म्हणाले, तरीच इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे फोन येतात. ते फोन मीच घ्यायचो. माझ्यावाचून किती अडतं, याचा तो पुरावाच वाटायचा.

२४ फेब्रुवारी
डिग्रीवालीनं साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. मी सांगितलं नव्हतं. म्हणजे नको असं ठासून सांगितलंही नव्हतं. एक जागा आहे: नवी पुस्तकं वाचून पाहायची आणि कुठे समजत नाही ते सांगायचं. पण साहेब म्हणाले, त्याला पंपातलं ओ की ठो न कळणारा माणूस लागतो. काका, तुम्हाला फार माहिती आहे.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं. आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

२७ फेब्रुवारी
साहेबांना अर्ज दिला. नक्कल इथे ठेवतो.
पंपांविषयी मला जी माहिती होती, ती वयोमानामुळे पूर्णपणे गेली आहे. शिक्षण मुळातच नव्हतं. सबब, सदर जागेसाठी माझ्याइतका अजाण माणूस आपणास मिळणार नाही. हे लेखी देत आहे. उद्या अठ्ठावीस तारीख आहे. कृपया लवकर कळवावे.