बियांच्या कागदाला इस्त्री

नाहूर, रविवार, १२ जानेवारी १९८६

डोकं फिरलंय नुसतं! यंदा संक्रांतीच्या वाणाला प्लॅस्टिकच्या वाट्या नकोत म्हणून आठवडाभर खपले. रद्दी भिजवून लगदा केला, मुलुंडच्या डोंगरावरून आणलेलं रानतेरड्याचं बी त्यात मिसळलं आणि चाळणीवर थापून कागद केले. बायकांनी एकेक कागद घरी नेऊन कुंडीत पुरायचा, पाणी घालायचं, की तेरडा उगवणार. वाळताना कागद जरा वाकडे झाले, एवढंच.

आज बाजारातून येते तर ह्यांनी सगळ्या कागदांना इस्त्री करून ठेवलेली. कडक! खोलीभर करपल्याचा वास.

"अहो, बी भाजलं ना सगळं!"

"पण कागद कसे सरळ झाले बघ."

वर हसतायत! सरळ म्हणे. मी सरळ मागितले होते का? आता मेलेलं बी वाण म्हणून लुटू?

आणि म्हणजे इस्त्री येते तर ह्यांना! लग्नाला नऊ वर्षं झाली, स्वतःच्या एका शर्टाला कधी लावली नाही. त्यात तर काही उगवायचंही नव्हतं.