भुसकटची तकाकी

रविवार, दुपार

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कागदी प्रकरण. दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. लाँड्रीत माझं बरं चाललंय, मालक अजून तसाच चिक्कू आहे.

बातमी आहे ती तुझ्या भुसकटची. तू गेलीस तेव्हा कसं होतं ते मांजर, आठवतंय ना? पाठीवर हात फिरवला की तळव्याला केसांचा पुंजका, शेपटीच्या मुळाशी कोंडा, रंग नुसता मातकट. आता बघशील तर ओळखणार नाहीस! काळंभोर, मऊ, खिडकीत बसलं की नुसतं चमकतं.

लस द्यायला नेलं, तर डॉक्टरीणबाई विचारतात, "काय खायला घालता हो याला?"

म्हटलं, "तेच, पुड्यातले स्वस्तातले दाणे."

त्या हसल्याच. "त्या दाण्यांवर इतकी तकाकी? छे! याला कोणीतरी अंडी-मासे चारतंय." मग समजावून सांगितलं. केस म्हणजे बहुतेक प्रथिनंच. पोटात कमी पडलं की शरीर आधी काळीज-फुप्फुसं सांभाळतं आणि पहिली कात्री केसांना लावतं. उपासमार असो की आजारपण, केसांवर लगेच दिसतं म्हणे.

मला काही चैन पडेना. चारतंय तरी कोण? शेजारच्या काकूंना विचारलं, तर त्या उखडल्याच. "माझ्या नातवंडांना पुरत नाही, तुमच्या मांजराला कुठून घालू?" बाबांना विचारलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मांजर आहे. मारत असेल कुठेतरी हात."

शेवटी माझा धंदाच कामाला आला. बाबांचा स्वेटर धुवायला घेतला, तर खिशाच्या आत पिवळा, कडक झालेला डाग. अंड्याचा बलक! गरम पाणी लागलं की तो कायमचा बसतो, हे मी झोपेतही सांगेन. दुसऱ्या खिशात माशाचा काटा आणि काळे केस.

ताई, वर 'सगळे ठीक' लिहिलंय ना, ते मांजरापुरतं खरं आहे.

मध्यंतरी बाबांना न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात ठेवावं लागलं. "तिला कळवलंस तर याद राख," असा दम दिला होता मला. रोज अंडी, मासे खायचे, अंगात ताकद यायला हवी, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी सकाळी सगळं ताटलीत वाढून कामावर जाते. संध्याकाळी येते तो ताटली चाटूनपुसून स्वच्छ. मी आपली खूश! चाटत कोण होतं, ते आता कळलं. आणि सुट्टीच्या दिवशी मी समोर बसले की माल खिशात.

मग मी बाबांकडे नीट बघितलं. केस राठ, विरळ झालेत, कंगव्यात झुबके येतात. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंय. इतके दिवस मी मांजराचे केस निरखत बसले होते गं!

भांडले मी. खूप भांडले. "त्याला त्याचे दाणे आहेत ना? तुमच्या तोंडचा घास कशाला देता?"

बाबांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "जाताना ती काय म्हणाली, विसरलीस?"

कशी विसरेन? त्यांनी तुझ्या लग्नाला यायचं नाकारलं, तेव्हा तू दारातून ओरडली होतीस, "तुम्हाला साधं मांजर सांभाळता येत नाही, माणसं काय सांभाळणार!"

"ती येईल," बाबा म्हणाले, "आणि आल्या आल्या मांजराच्या पाठीवर हात फिरवेल. तिच्या हाताला एक केस लागता कामा नये."

काय करू गं या माणसाचं? मला रडू येतं आणि रागही येतो. समोर बसून भरवलं तरी माझी पाठ वळायची खोटी, टेबलाखाली भुसकट तयारच. माझं ते ऐकणार नाहीत. तू बघून गेल्याशिवाय त्यांच्या पोटात काही जाणार नाही.

माफी कुणीच मागू नका. नुसतं मांजर बघायला ये. त्याला कुरवाळ, "छान ठेवलंय हो बाबा," एवढं म्हण. आणि मग तोच हात एकदा त्यांच्या पाठीवरून फिरव. हाडं लागतील. तेव्हाही दचकू नकोस.

वाट बघतोय, तिघंही.

तुझी,
धाकटी