ढोल्याचं हसणं

रविवार संध्याकाळ, सुकापूर

टीव्हीवर आज तो हॉस्टेलचा विनोदी सिनेमा परत लागला. त्यातल्या जाड्या पोराच्या डोक्यावर मेसमधला भात उपडा करतात, तिथे घरातले सगळे हसले. मीही. मुलीला म्हटलं, "आमच्या हॉस्टेलातही एक असाच होता. ह्या सिनेमावरूनच त्याला ढोल्या म्हणायचो. भातसुद्धा ओतला होता." तो हसला होता. हसलाच होता ना? आठवड्यात कॉलेज सोडून गेला.

मुलीनं विचारलं, "बाबा, त्यांचं खरं नाव काय?"

आठवेना. भात ओतला त्याच दिवशी मेसमध्ये काढलेला फोटो शोधला. मागे माझ्या अक्षरात सगळ्यांची नावं आहेत, त्याच्या जागी नुसतं ‘ढोल्या’. फोटो उलटा केला. त्याच्या केसांत भात तसाच आहे. सगळे हसतोय. तो नाही.