मधल्या भिंतीचे दगड

मी, मनकर्णाबाई कोम आसाराम साळवे, उमर वर्षे चौसष्ट, धर्म ख्रिस्ती, राहणार कर्जत, जिल्हा अहमदनगर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे गेले, पण त्यांचे या कागदात काही काम नाही. माझ्यामागे मुलगा शमुवेल व मुलगी छबूबाई हे दोन वारस आहेत.

गावोगाव बायकांत बसून मी उभा जन्म शुभवर्तमान सांगितले. देवाने आधी एक घर मांडले, नवरा-बायकोला एकदेह केले, त्या घरापासून सारी गावे झाली, आणि मंडळी म्हणजे एकाच बापाची लेकरे. त्यात भिंतीचा उल्लेख मला चष्मा लावूनही सापडला नाही.

कलम पहिले, घर. पुढचे दोन खण व ओसरी शमुवेलास. मागचा चुलीचा खण छबूबाईस. कारण असे की, छबूने कानिफनाथ पाटोळे मास्तरांशी आमच्या ख्रिस्ती देवळात लग्न केले. ते मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आलेल्या घरातले, आम्ही महारवाड्यातून आलेलो. तेव्हा शमुवेल मला म्हणाला, "आई, ती येऊ दे, पन तिचं ताट वायलं ठेव." हाच शमुवेल रविवारी प्रभुभोजनात मास्तरांच्या मागोमाग त्याच प्याल्याला ओठ लावतो. आता चूल छबूची राहील. ताट वेगळे हवे असल्यास शमुवेलाने आपले ठेवावे.

कलम दुसरे. पती आसाराम यांची थापी व हातोडा त्यांचे जोडीदार बाबाजान गवंडी यांस. ओळंबा शमुवेलास. तो टपालात कारकून आहे, भिंती बांधत नाही, तरी ओळंबा घरात टांगावा, म्हणजे सरळ काय ते रोज दिसेल. तांब्याचा हंडा सुनेस, ती माझ्याशी कधी वाकडी वागली नाही. शेजारीण गोजरबाईने नेलेला पाटा परत मागू नये. मी तिला क्षमा केली आहे. पाटा मात्र तिच्याकडेच आहे.

कलम तिसरे, दगड. आमच्या दफनभूमीत मधोमध कमरेएवढी भिंत आहे. अलीकडे आमचे लोक, पलीकडे मास्तरांचे. मंडळीच्या पंचांच्या सांगण्यावरून ती माझ्या पतीने रचली. दगड आमच्या पडीक रानातले. त्यांचे दानपत्र झालेले नाही, म्हणून ते आजही आमचे, आणि पतीमागे माझे. रचताना पती मला म्हणाले होते, "मनकर्णे, चुना घालत न्हाई मी. कवा बी काढता येईल." ते गेले आणि काढायचे राहिले.

छबूची मालन गोवराने गेली, तिला पलीकडे पुरली. मी नेहमीच्या, अलीकडच्या फाटकातून आत गेले. भिंतीला वळसा घालून पोचेपर्यंत सर्वांची माती देऊन झाली होती. शमुवेल अलीकडेच उभा राहिला. नातीला मूठभर माती मला वेळेवर देता आली नाही, हे दुःख मला अजून जाळते.

म्हणून ते सर्व दगड मी छबूबाईस देते. मी मरताच, मला घरातून हलवण्याआधी, तिने ते काढून न्यावेत व चुलीच्या खणापुढे ओटा बांधावा. पाळकसाहेबांना मी विचारले. ते म्हणाले, "भिंत पंचांची आहे." मी म्हणाले, दगड माझे आहेत. त्यावर ते गप्प बसले. तो मी होकार धरते.

कलम शेवटचे. भिंत निघाल्यावर जी पट्टी मोकळी होईल ती कोणाच्याच बाजूची नाही. तेथे मला पुरावे. शमुवेलाने अलीकडून व छबूने पलीकडून, दोघांनी एकाच वेळी माती द्यावी. मग घरी जाऊन छबूच्या चुलीवरचे जेवावे. शमुवेला, बाळा, तुझ्यावर माझा राग आहे आणि जीवही आहे. ये.

साक्षीदार मुद्दाम मंडळीबाहेरचे घेतले आहेत. हे मी स्वतः वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

मुक्काम कर्जत, ता. १८ ऑक्टोबर १९४६

सही: मनकर्णाबाई कोम आसाराम साळवे

साक्ष: राधाकृष्ण कारभारी तनपुरे, धंदा शेती, कर्जत

साक्ष: बाबाजान पीरमहंमद, धंदा गवंडीकाम. सांगून लिहवले ते असे: "भिंत आसाराम आन् मी रचली. दगड त्याच्याच रानातले, चुना न्हाई. काढायला पहार मी आनीन."