वास येईनासा झाला तेव्हा

ती. ताईस धाकटीचा नमस्कार.

मी सुखरूप पोचले. खोली हवेशीर आहे, लेक मजेत आहे. आईला इथपर्यंतच वाचून दाखव. तिचा गुडघा कसा आहे?

आता फक्त तुझ्यासाठी. लेकीच्या कारखान्यात तेलाचा काळा गाळ बंद टाकीत कोंडतात. जंतू तो खातात आणि त्यातून इंधनाचा वायू निघतो. काम चांगलं आहे, मला अभिमानच आहे. पण त्याबरोबर कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा विषारी वायूही निघतो.

आज दुपारी ती जेवायला आली आणि म्हणाली, "आई, आज वास अजिबात नव्हता. मुकादम म्हणतात, टाकी निवळली. उद्या सकाळी मी आत उतरणार."

मी हातातला घास ताटात ठेवला. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं मी! हा वायू फार वाढला की आधी नाकच बधिर करतो.

"वायू मोजायचं मीटर कुठंय?"

"दुरुस्तीला."

"आणि मुकादमाची अक्कल?"

"आई, हा तुझा वर्ग नाही गं. ते वीस वर्षं नाकावरच काम करतायत."

जंतूंची एवढी तज्ज्ञ, आणि जीव सोपवते मुकादमाच्या नाकावर!

ताई, मला फार भीती वाटते. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. उद्या मी तिच्याबरोबर जाणार आणि मीटर येईपर्यंत टाकीच्या झाकणावर बसून राहणार. सगळे हसतील. लेक महिनाभर माझ्याशी बोलणार नाही. नाही बोलली तरी चालेल, पण जिवंत असू दे.

तुझी,
धाकटी