रिकामा डबा, एक गुण

सोमवार, ३ जुलै
मुख्याध्यापिकाबाईंनी सकस डब्याची मोहीम माझ्या गळ्यात घातली. खेळाच्या मास्तरला आहारातलं काय कळतं, असं गणिताचे सर म्हणाले म्हणे. दाखवतोच. गाजर, काकडी, पालेभाजी. डबा रिकामा दिसला की हाउसला एक गुण. मुलं ईर्ष्येने खातात. शाळेत सुपरवायझरची जागा रिकामी आहे, ती आता माझीच.
घरी लेकीने पालक थुंकला. दुसरीत आहे, माझ्याच शाळेत. नाक दाबलं, तोंड उघडलं, चमचा आत. माझी बोटं चावली. बायको बोलत नाही. कळेल तिला हळूहळू.

मंगळवार
सगळे डबे रिकामे! भिंतींवर बीट. माझ्या भुवईवर सफरचंद बसलं, भुवई फुटली. सफरचंद मात्र ताजं होतं, म्हणजे पालकांचं सहकार्य आहे.

बुधवार
सातवीचा कॅप्टन चौथीतल्या पोराच्या छातीवर बसून त्याला काकडी भरवत होता. पोराचा दात पडला. दुधाचाच होता. नेतृत्वगुण वाढतायत. तरी चढाओढ थोडी आवरायला हवी. सोमवारपासून.
घरी पालक. लेक लाथा मारते. पायात जोर आलाय, लोह असणार.

गुरुवार, दुपारी
जेवणघरात दंगल. बाकं उलटी, काचा फुटल्या. पोरं एकमेकांचे जबडे फाकवून गाजरं कोंबत होती. डब्याचं झाकण गणिताच्या सरांच्या डोक्यात. टाके पडले. आहार हा गंभीर विषय आहे हे त्यांना पटलं असावं.

गुरुवार, चार वाजता
बाईंनी कॅप्टनला विचारलं, नाक दाबून भरवायचं कुणी शिकवलं? तो म्हणाला, सरांच्या मुलीने. बाबा घरी असंच करतात, असं तिने सगळ्यांना करून दाखवलं. आज तिलाच धरलं होतं. ओठ फाटलाय. मी कॅप्टनच्या कानाखाली लगावली. बाईंसमोर. मोहीम काढून घेतली. सुपरवायझर गणिताचे सर.

शुक्रवार, रात्रीचं जेवण
आज कुणावरही जबरदस्ती करायची नाही, असं मनाशी पक्कं ठरवलं होतं. शांतपणे बसलो. भाजी अळणी होती, मिठासाठी हात पुढे केला. लेकीने तोंडातला घास न चावताच गिळला, फाटका ओठ ताणून आ केला आणि आत काही उरलं नाही ते मला दाखवलं. मी मीठ घेतलंच नाही. ती तोंड मिटेना. शेवटी बायको म्हणाली, तुम्ही उठा, मग मिटेल.
उठलो.